खुर्ची कोणाची?
(बी. ए. द्वितीय वर्ष)

खुर्ची म्हटले की आपल्याला राजकारण आठवते. कोणाची खुर्ची गेली, कोणाला मिळाली, याची चर्चा गोरेगावच्या पारावरही रंगते. पण खुर्ची केली कोणी, हे कोणी विचारत नाही. मी सुताराचा मुलगा. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. म्हणून मला हा प्रश्न पडतो.

आजोबांच्या काळी बलुतं होतं. तिफण, वखर, गाडी करून द्यायची आणि सुगीला धान्य घ्यायचे. ट्रॅक्टर आला, तिफण लोखंडी झाली. वडील चौकटी आणि खुर्च्या करू लागले. आता लग्नमंडपापासून चहाच्या हॉटेलापर्यंत फायबरची खुर्ची आहे. साच्यात तापलेले प्लास्टिक दाबून भरले की पाहता पाहता खुर्ची तयार! सागवान तिच्या भावाशी कसे टिकणार?

मग दोष यंत्राचा काय? मला तसे वाटत नाही. थोनेट यांनी १८५९ साली वाफेवर लाकूड वाकवून कारखान्यात एक खुर्ची केली. सुट्या भागांच्या अशा ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावत. मुंबईच्या इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या त्याच घराण्यातल्या. म्हणजे यंत्र सामान्य माणसालाही सुंदर वस्तू देऊ शकते.

खरा दोष वेगळाच आहे. १९५१ पासून चंदीगड शहर उभारताना पिएर जानरे या स्विस वास्तुकाराने सरकारी कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या योजल्या. त्या घडवल्या इथल्याच सुतारांनी. पुढे त्या भंगारात निघाल्या आणि परदेशी लिलावांत लाखोंना विकल्या गेल्या. अखेर २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाला त्यांची विक्री थांबवावी लागली. जानरे यांचे नाव आज जगभर आहे. रंधा मारणाऱ्यांची नावे कोठे आहेत?

त्या खुर्चीचे चित्र मी वडिलांना मोबाईलवर दाखवले. त्यांनी ते बराच वेळ निरखून पाहिले आणि म्हणाले, "ह्यात अवघड काय हाय? मापं दे, चार दिसात करतो. पर मागणार कोण?"

या उत्तरात सारे आले. सुताराला दया नको, त्याला चांगला आराखडा आणि मागणी हवी. पवईच्या आय. आय. टी. मध्ये १९६९ पासून डिझाईनचे केंद्र आहे. तिथला कागद आणि आमच्या गावचा रंधा यांची गाठ कधी पडणार?

आणि दोष आपलाही आहे. पहिल्या वर्षाच्या प्रवेशअर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'शेती' असे लिहिले होते. आम्हाला शेत नाही. यंदा मी 'सुतारकाम' लिहिले. विद्यार्थी मित्रहो, शिकून आपण खुर्चीवर जरूर बसू. पण ती घडवणाऱ्या हातांची लाज वाटू लागली, तर त्या शिक्षणाचा उपयोग काय?