करवंदाचा जॅम कोणी करावा?

वैशाखात सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर व कोकणात करवंदाच्या जाळ्या काळ्याभोर होतात. काट्यांतून फळ वेचणाऱ्या कातकरी व ठाकर स्त्रिया पानांच्या द्रोणांत ते घेऊन रस्त्याकडेला बसतात. सायंकाळी उरलेले फळ मिळेल त्या दरास द्यावे लागते, कारण ते दोन-तीन दिवसांत नासते. जॅमचे शिक्षण प्रथम द्यावयाचे ते याच स्त्रियांना, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ध्यानी घ्यावे.

कृती अवघड नाही. पिकलेल्या फळांत थोडी अर्धवट पिकलेली मिसळावी. त्यांतील पेक्टिन व आंबटपणा यांमुळेच जॅम घट्ट होतो. फळे शिजवून गर चाळणीतून काढावा व गराच्या वजनाइतकी साखर घालून आटवावा. साखर महाग म्हणून हात आखडला की बुरशी आलीच! थंड बशीवर टाकलेला थेंब पसरेनासा झाला, म्हणजे उकळत्या पाण्यातून काढून वाळविलेल्या बाटल्यांत गरम असतानाच भरावा. कल्हई नसलेले तांब्या-पितळेचे पातेले वर्ज्य.

खरी अडचण आहे ती साखर व बाटल्यांच्या भांडवलाची. विक्रीसाठी अन्नसुरक्षा नोंदणीही लागते. या दोहोंची सोय बचतगटामार्फत हंगामापूर्वी न झाल्यास शिकविलेली कृती वहीतच राहील आणि फळ पुन्हा व्यापाऱ्याच्या पाटीत जाईल.