अणुभट्टी आली, वीटभट्टीवरचे मूल राहिले

तारापूरची अणुभट्टी अमेरिकेकडून आली. १९६३ साली करार झाला, जनरल इलेक्ट्रिक कंपनीने ती उभारली आणि १९६९ साली वीज सुरू झाली. त्याच दशकात, १९६६ साली, अमेरिकेने आणखी एक व्यवस्था उभी केली होती. ती मात्र बोईसर स्टेशनवर कधी उतरली नाही. पिकांमागे राज्योराज्यी फिरणाऱ्या शेतमजुरांच्या मुलांसाठीची ती शिक्षण योजना. मूल टेक्सासमधून मिशिगनच्या शेतावर गेले तर त्याच्या शिक्षणाची नोंदही त्याच्यामागून गेली पाहिजे, एवढी साधी गोष्ट.

आमच्या पालघर जिल्ह्यात काय होते? दिवाळी सरली की वारली, कातकरी कुटुंबे बिऱ्हाड उचलून वीटभट्ट्यांवर जातात. कोणी भिवंडीकडे, कोणी वसईकडे. मालकाचा बयाणा आधीच खर्ची पडलेला असतो. ती परततात पावसाच्या तोंडावर. गावच्या शाळेत पटावर नाव असते आणि मूल भट्टीवर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन विटा मोजत असते. भट्टीजवळच्या शाळेत नेले तर दाखला आणा, आधार आणा! तारापूर एमआयडीसीत ठेक्यावर राबणाऱ्यांच्या मुलांनाही हीच प्रश्नावली. त्यांत परप्रांतीय आहेत, तसे मराठवाडा-विदर्भातून आलेले आपले बांधवही आहेत.

अमेरिका म्हणजे स्वर्ग असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तिथला कायदा आजही बारा वर्षांच्या मुलाला शेतमजुरी करू देतो. शिक्षण हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली सांगितले. पण त्याच न्यायालयाने १९८२ साली टेक्सास सरकारला बजावले की, आईबाप कागदपत्रांविना देशात आले म्हणून मुलाला सरकारी शाळेचे दार बंद करता येणार नाही. परक्या देशाच्या मुलालाही नाही! जोतिरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामीमुक्तीच्या पुरस्कर्त्यांना अर्पण केली, बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. तेव्हा त्या देशाकडून काय घ्यावे आणि काय नाकारावे, हे आम्हाला नव्याने शिकायचे नाही.

उलट कागदावर आम्हीच पुढे आहोत. २००२ च्या घटनादुरुस्तीने कलम २१-क आले, आणि त्याखालचा २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याचे कलम ५ म्हणते, दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येणार नाही. कलम १४ म्हणते, वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येणार नाही. कलम ९ मध्ये तर स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य म्हणून स्पष्ट लिहिले आहे. शाळाप्रवेशाला आधार सक्तीचे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगून टाकले. मग मूल भट्टीवर का?

कारण त्याच्यामागे जाणारे कोणी नाही. शाळा मुलाकडे नेण्याचा विचार या मातीला परका नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणशाळा चालवून दाखवल्या, नव्वदच्या दशकात वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा निघाल्या. पण एखाद्या संस्थेची तळमळ आणि सरकारचे कर्तव्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तळमळीवर दावा लावता येत नाही, कर्तव्यावर लावता येतो.

आणि आपण कुठे असतो? १४ एप्रिलला आपल्या वस्त्यांत मिरवणुका निघतात, तेव्हा भट्ट्या धडाडून पेटलेल्या असतात. तिथली मुले ‘आपल्या समाजाची’ नाहीत, असे कुजबुजणारेही कार्यकर्ते आम्ही पाहिले आहेत. त्यांनी ‘शिका’चा अर्थ पुन्हा एकदा लावावा.

याच कायद्याच्या कलम ३२ खाली लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते आणि तिचा निकाल तीन महिन्यांत लागायला हवा. तक्रारदार आईबापच असावेत असे कलमात नाही, कोणीही करू शकतो. मुलांची नावे, वय, मूळ गाव आणि तिथली शाळा एवढी यादी हवी. एका भट्टीची यादी एका रविवारात होते.