बिदागी आणि यजमान

आपल्या घरांतील पुष्कळ तरुण हल्ली नोकरी सोडून स्वतंत्रपणे संकेतस्थळे बांधून देतात. धाडस खरे, परंतु एकेका कामाच्या बिदागीवर संसार चालेल, हा त्यांचा समज मला पटत नाही. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि माझ्या वडिलांची दरबारची चाकरी गेली. मैफली मिळत, घर चालले ते शिकवण्यांवर.

आदिलाबादेतील इंद्रवेल्लीच्या मुलखातले परधान हे पूर्वापार जाणतात. किंगरीवर गोंडांच्या कुळकथा गाणारे हे लोक. प्रत्येक परधान घर ठरावीक गोंड घरांशी पिढीजात बांधलेले. सणाला, मृताच्या विधीला बोलावणे त्याचेच, आणि मोबदला धान्य, वस्त्र, प्रसंगी गुरेही.

संकेतस्थळ तरी एकदा बांधून कुठे संपते? नावाचे आणि होस्टिंगचे वार्षिक नूतनीकरण, राखीव प्रती, सुरक्षेच्या दुरुस्त्या. हे सारे आमची मुले भिडेखातर फुकट करतात! त्याचा लेखी करार करावा, वर्षाचे पैसे आगाऊ मागावेत. मात्र यजमान अनेक हवेत. वडिलांचा एकच होता.