शिकाऊ उमेदवारी : आधी करार, मग काम

जयपूरच्या जोहरी बाजारात पाचूची अंगठी घेणाऱ्याचे लक्ष असते खड्याच्या रंगाकडे आणि किमतीकडे. तो खडा घडवणारा कारागीर मात्र रामगंजच्या एखाद्या गल्लीत मान खाली घालून बसलेला असतो. लाखेने काडीला चिकटवलेला खडा फिरत्या चाकावर टेकवायचा आणि एकेक पैलू पाडायचा. पाचू मुळातच ठिसूळ. कोन जरा चुकला की मालकाचे नुकसान. म्हणून नवख्याच्या हाती आधी हलके खडे दिले जातात.

ही विद्या उस्तादाकडून शागिर्दाकडे जात आली. काकांच्या किंवा शेजाऱ्यांच्या शब्दावर मुलगा कामाला बसतो. कसब खरेच मिळते, पण कागद मिळत नाही. उद्या उस्तादाशी बिनसले किंवा गाव सोडावे लागले, तर चार वर्षांच्या मेहनतीचा पुरावा काय? आणि शिकताना डोळ्याला इजा झाली तर खर्च कोणी करायचा? सारे मालकाच्या मर्जीवर!

१९६१चा शिकाऊ उमेदवार कायदा उपयोगी पडतो तो इथे. त्यानुसार मालक आणि उमेदवार यांच्यात लेखी करार होतो आणि तो केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवला जातो. उमेदवार १८ वर्षांखालील असेल, तर पालकाची सही लागते. दरमहा विद्यावेतन द्यावेच लागते. २०१९च्या नियमांनी ते शिक्षणानुसार किमान ५,००० ते ९,००० रुपये ठरवले होते; सही करण्यापूर्वी चालू दर विचारून घ्यावा. प्रशिक्षणात इजा झाल्यास भरपाईची तरतूद आहे आणि शेवटी परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळते. आयटीआय झालेल्यांना प्राथमिक प्रशिक्षण पुन्हा घ्यावे लागत नाही.

मात्र, उमेदवारी म्हणजे नोकरी नव्हे. कायद्याच्या दृष्टीने तो कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. करारात तसे लिहिलेले नसेल, तर मुदत संपल्यावर कामावर ठेवण्याचे बंधन मालकावर नाही. अनेक घरांत नेमका इथेच अपेक्षाभंग होतो.

आणखी एक अडचण आहे. २०१९च्या नियमांप्रमाणे ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणे सक्तीचे. ४ ते २९ माणसे असलेल्यांना ऐच्छिक. गल्लीतल्या दोन-तीन माणसांच्या कारखान्यापर्यंत कायदा पोचतच नाही. तेव्हा रत्नांच्याच कामात मुलाला घालायचे असेल, तर सीतापुऱ्यातील मोठ्या निर्यातदार कारखान्यांत आधी चौकशी करावी. उस्तादाकडे शिकून हात तयार झालेल्यांसाठी, असलेल्या कौशल्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय २०१५ पासून केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत करण्यात आली.

मालक 'कागद नंतर करू' म्हणाला, तर त्याला तारीख विचारावी. ती मिळेपर्यंत मुलाला कामावर बसवू नये.