निर्णय दोघांचा, भोग एकाचा

निवृत्तीनंतरचे आयुष्य आपल्या गावी काढावे की अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांच्या मागोमाग जाऊन तेथेच बिऱ्हाड थाटावे, हा प्रश्न आज पुण्या-मुंबईपासून नागपूर-कोल्हापूरपर्यंतच्या असंख्य मध्यमवर्गीय घरांत विचारला जात आहे. आणि त्याची चर्चा कानावर येते तेव्हा तेथील थंडी, स्वच्छ रस्ते, नातवंडांचा सहवास, येथील भाऊबंद, ओळखीचा डॉक्टर, घरकामाला मिळणारी बाई, अशा सोयी-गैरसोयींचा ताळेबंद मांडण्यापलीकडे ती बहुधा जात नाही. या ताळेबंदातील प्रत्येक रक्कम खरी असली, तरी तो दोघांच्या नावे मांडलेला असतो, आणि उतारवयात दोघे शेवटपर्यंत दोघे राहत नाहीत. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, परदेशी जाऊन राहण्याचा निर्णय नवराबायकोने एकत्र बसून घ्यावा, पण तो दोघांपैकी जो मागे राहील त्या एकट्या माणसाच्या हितासाठी घ्यावा.

वृद्धापकाळी मुलूख सोडून जाणे ही गोष्ट मराठी माणसाला सर्वस्वी नवी नाही. काशीवासाला जाणारी वृद्ध माणसे पूर्वी याच महाराष्ट्रातून महिनोन्‌महिने प्रवास करून जात असत; परंतु त्या प्रस्थानाचा हेतू, त्याचे धर्मशास्त्र आणि त्याचा शेवट या तिन्ही गोष्टी जाणाऱ्याला आणि निरोप देणाऱ्याला आधीच ठाऊक असत. आजच्या प्रस्थानाला अशी कोणतीही परंपरा पाठीशी नाही. अमेरिकेने 1965 साली आपला स्थलांतराचा कायदा बदलला, त्यानंतर येथील अभियंते, डॉक्टर आणि शास्त्रज्ञ तिकडे जाऊ लागले, 1981 साली बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन होण्याइतकी त्यांची वस्ती तेथे मूळ धरून राहिली, आणि त्यांनी ऐन तारुण्यात कमावलेल्या त्या देशात त्यांचे आईवडील मात्र सत्तरीच्या उंबरठ्यावर प्रथमच वस्तीला जाऊ लागले. पंचविसाव्या वर्षी गेलेला माणूस तेथे नोकरी, शेजार, मित्र आणि मंडळ अशी मुळे क्रमाक्रमाने रुजवतो; सत्तराव्या वर्षी जाणाऱ्याला ती सवड नसते, आणि त्याचे त्या देशाशी असलेले सारे नाते मुलाच्या किंवा मुलीच्या घराच्या दारातूनच जाते.

या निर्णयाला घाई लावण्याचे काम कायदा करतो, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या आणि 21 वर्षे पूर्ण केलेल्या मुलाला आपल्या आईवडिलांसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो, आणि या वर्गाला वार्षिक संख्येची मर्यादा नसल्यामुळे इतर नातलगांप्रमाणे वर्षानुवर्षे तिष्ठत बसावे लागत नाही. परंतु ग्रीन कार्ड हा कायम वस्तीचा परवाना आहे, येण्याजाण्याची सवलत नव्हे. ते हाती आल्यावर सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास परतताना प्रश्न विचारले जातात, आणि अगोदर परवानगी न घेता वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास ते गमावण्याची वेळ येते. त्यामुळे ‘सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे’ अशी जी सोईस्कर कल्पना आपण मनाशी बाळगतो, ती काही वर्षे निभावली तरी कायद्याच्या दृष्टीने डळमळीतच असते. इतर देशांनी तर ही वाट याहूनही अरुंद केली आहे. ब्रिटनने 2012 साली असा नियम केला की, ज्या वृद्ध पालकांना रोजच्या व्यवहारासाठी दीर्घकाळ दुसऱ्याच्या शुश्रूषेची गरज आहे आणि ती मायदेशी पैसे देऊनही मिळण्याजोगी नाही, त्यांनाच वस्तीसाठी प्रवेश मिळावा. कॅनडाचा सुपर व्हिसा आता एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहू देतो, पण त्यासाठी खासगी आरोग्यविमा दाखवावा लागतो आणि वस्तीचा हक्क त्यातून निर्माण होत नाही.

दुसरी बाब आजारपणाची. पासष्टी ओलांडलेल्यांसाठी अमेरिकेत मेडिकेअर ही सरकारी योजना आहे खरी, परंतु तेथे कधी नोकरी न केलेल्या पालकांना ग्रीन कार्ड मिळाल्यावरही सलग पाच वर्षे वास्तव्य केल्यानंतरच, आणि तेही हप्ता भरून, तिच्यात प्रवेश मिळतो. मधल्या काळात खासगी विमा घ्यावा लागतो व त्याचा भार बहुधा मुलांवर पडतो. याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, स्नान घालणे, भरवणे, उठवणे-बसवणे अशी जी नित्याची शुश्रूषा जराजर्जर माणसाला वर्षानुवर्षे लागते, तिचा खर्च मेडिकेअर उचलत नाही. आणि भारतात परत येऊन उपचार घेतल्यास त्यांचाही खर्च सामान्यतः देत नाही. म्हणजे एकदा तिकडचा झालेला वृद्ध माणूस आजारपणात तिकडेच बांधला जातो.

आता जे दांपत्य दोघे असताना तेथे सुखाने नांदते, त्याच्यापैकी एक गेल्यावर काय होते, याचा विचार करावा. उपनगरातील घर मोठे असते, अंगण हिरवे असते, परंतु पायी जाण्याजोगे दुकान किंवा देऊळ जवळ नसते आणि मोटार चालवता न येणाऱ्या माणसाला कोणीतरी नेल्याखेरीज घराबाहेर पडता येत नाही. दोघे असताना एक मोटार चालवतो, दुसरी स्वयंपाकघर सांभाळते. बँकेची कामे, औषधांची नोंद, विम्याचे कागद हे एकाकडे, तर नातवंडांचे खाणेपिणे आणि मुलांच्या घरातील नाजूक तोल सांभाळणे हे दुसरीकडे, अशी बिनबोभाट वाटणी झालेली असते. ती मोडली की मागे राहिलेल्या माणसाचे केवळ अर्धे काम अडत नाही; दिवसभर मराठीत बोलायला उरलेले एकमेव माणूसच गेलेले असते. आपल्या समाजात पत्नी बहुधा वयाने लहान असते आणि स्त्रियांचे सरासरी आयुष्यही अधिक असते, म्हणून ही स्थिती पुष्कळदा तिच्याच वाट्याला येते. जिच्या हाताला नातवंडांच्या लहानपणी क्षणाची उसंत नव्हती, तिला नातवंडे पंधरा-सोळा वर्षांची झाल्यावर, सून आणि मुलगा कामावर गेल्यावर, त्या शांत घरात दिवसाचे दहा तास घालवायचे असतात. न्यू जर्सीतील एडिसनसारख्या, भारतीयांची दाट वस्ती असलेल्या गावी हे सुसह्य होऊ शकते. परंतु मुलाची नोकरी कोणत्या राज्यात असेल आणि किती काळ असेल, याचा निर्णय आई करीत नसते.

पैशाचा मामलाही असाच एकाच्या माथी येतो. शासकीय नोकरीतून निवृत्त झालेल्या पतीला अखेरच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन मिळत असेल, तर त्याच्या पश्चात पत्नीला मिळणारे कुटुंबनिवृत्तिवेतन सामान्य दराने त्या वेतनाच्या 30 टक्के असते, आणि ते चालू राहण्यासाठी दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्याची तजवीज परदेशातून तिला करावी लागते. कायमच्या वास्तव्यासाठी परदेशी गेल्यावर येथील बँकखाती अनिवासी वर्गात बदलून घ्यावी लागतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवे खाते उघडता येत नाही, आणि सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचे खाते मुदत संपल्यावर वाढवता येत नाही. कोकणात किंवा देशावर वडिलोपार्जित जमीन असेल तर ती राखता येते, परंतु नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. पुढे अमेरिकेचे नागरिकत्व पत्करले तर भारताचे नागरिकत्व संपुष्टात येते, कारण आपली राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. ओसीआय कार्डाने येण्याजाण्याची मुभा राहते, मतदानाचा अधिकार राहत नाही. यांतील एकही अट अन्यायाची नाही. पण या सर्व अटी एकदम, दुःखाच्या दिवसांत, आयुष्यभर आर्थिक व्यवहार न केलेल्या माणसासमोर उभ्या राहणे हा मोठा जाच आहे.

आणि या सर्वांत अवघड अशी एक गाठ आपल्याच कायद्यात आहे, तिच्याकडे वाचकांचे आणि लोकप्रतिनिधींचेही लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते. परदेशी जाताना येथील घर, भाडेकरू आणि खाती सांभाळण्यासाठी पुतण्याला किंवा भाच्याला कुलमुखत्यारपत्र लिहून दिले की काम झाले, अशी आपली समजूत असते. परंतु 1872 च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूने जसे संपते, तसेच त्याची बुद्धी भ्रष्ट झाल्यानेही संपते. म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धेला आपल्या शुश्रूषेसाठी पुण्यातील घर विकण्याची ज्या दिवशी खरी निकड भासते, नेमक्या त्याच दिवशी तिने लिहून दिलेला कागद निरुपयोगी होतो, आणि पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयाचे दार ठोठवावे लागते. अमेरिकेतील राज्यांत असमर्थतेनंतरही टिकणारे मुखत्यारपत्र करता येते. आपल्याकडे 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारांपुरता प्रतिनिधी अगोदर नेमण्याची सोय केली आहे. तीच सोय योग्य देखरेखीसह मिळकतीच्या बाबतीतही केली पाहिजे. ज्या राज्यातून इतके वृद्ध परदेशी जातात आणि ज्या राज्यात इतके वृद्ध मुलांवाचून मागे राहतात, त्या महाराष्ट्राच्या खासदारांनी ही मागणी संसदेत धरली, तर ती दोन्ही प्रकारच्या कुटुंबांच्या उपकारास कारण होईल.

येथेच राहावे, असा सरसकट उपदेश मला करावयाचा नाही. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर, अनोळखी मदतनिसाच्या भरवशावर, मध्यरात्री छातीत कळ आली तर मुलाला दूरध्वनी करून शेजाऱ्याची वाट पाहणारी एकटी वृद्धा याही मुलखात सुरक्षित नाही. आणि 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या कायद्याने चरितार्थाचा हक्क दिला तरी सोबत देणे त्याच्या हाती नाही. आयुष्मान भारत योजनेने 70 वर्षांवरील सर्वांसाठी कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण 2024 साली खुले केले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण रुग्णालयातून घरी आल्यावर कोण, हा प्रश्न उरतोच. म्हणूनच देश कोणता याआधी मागे राहणाऱ्याजवळ माणूस कोण, आणि आपल्या हाताने उघडता येईल असे दार कोणते, हे ठरले पाहिजे.

यासाठी माझ्या सूचना साध्या आहेत. पतीपत्नींनी एकमेकांच्या अनुपस्थितीत, वेगवेगळे बसून, ‘मी एकटा किंवा एकटी उरले तर मला कोठे राहावयाचे आहे’ याचे उत्तर कागदावर लिहावे आणि मग ते कागद एकमेकांना दाखवावेत. दोन उत्तरे निराळी निघाली तर ती तशीच मान्य करण्याचे धैर्य ठेवावे. हिवाळा धरून मुलांच्या घरी काही महिने काढल्यावाचून अर्ज करू नये, कारण जून महिन्यातील अमेरिका पाहून जानेवारीतील अमेरिकेचा अंदाज बांधता येत नाही. येथील घर, शक्य असेल तोपर्यंत, मागे राहिलेल्या माणसाने एकटेपणाचे एक वर्ष पुरे केल्याशिवाय विकू नये. मृत्युपत्रे दोघांचीही असावीत, खाती संयुक्त असावीत, आणि कुटुंबाचे व्यवहार दोघांनाही चालवता यावेत.

मुलांनाही एक सांगणे आहे. आईवडिलांना बोलावताना घरात त्यांची खोली कोणती, त्यांच्या हाती स्वतःचे पैसे किती, आणि आठवड्यातून किती वेळा त्यांना घराबाहेर न्यावयाचे, हे पत्नीशी किंवा पतीशी अगोदर ठरवावे; आणि आई एकटी उरल्यावर ती ‘मला घरी जायचे आहे’ म्हणाली, तर त्या म्हणण्याला कृतघ्नता समजू नये. ज्या कुटुंबाने परतीची वाट प्रथमपासून खुली ठेवली, त्या कुटुंबातील वृद्ध माणूस परदेशात राहिला तरी स्वेच्छेने राहील, आणि परत आला तरी पराभव पत्करून आला असे होणार नाही. ती वाट खुली आहे की नाही, एवढे एक पाहूनच पासपोर्टाच्या कार्यालयाची पायरी चढावी.