'तांत्रिक बाजू' आणि समीक्षेची डोळेझाक

मराठी नाट्यपरीक्षणाचा शेवटचा परिच्छेद बहुधा ठरलेला असतो. संहितेचा आशय, लेखकाची जीवनदृष्टी, दिग्दर्शकाचा अन्वयार्थ आणि प्रमुख नटांचे अभिनय यांची चर्चा आटोपली, की नेपथ्य, प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत व रंगभूषा यांची 'तांत्रिक बाजू' या नावाखाली एका वाक्यात बोळवण होते. विशेषणही ठरलेले: 'अनुरूप' किंवा 'पूरक'. ही केवळ जागेची काटकसर नव्हे. नाटकाचा अर्थ संहितेत सिद्ध होतो आणि तंत्र तो प्रेक्षकांपर्यंत वाहून नेते, असे एक गृहीतक तिच्यामागे आहे. ते सैद्धान्तिकदृष्ट्या चुकीचे आहेच. परंतु त्याची खरी किंमत पुण्या-मुंबईच्या रंगभूमीपेक्षा श्रीरामपूरसारख्या तालुक्याच्या गावातील हौशी रंगकर्मींना मोजावी लागते.

एकच उदाहरण पुरेसे आहे. येल विद्यापीठातील स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार रंगमंचाचे क्षेत्रांत विभाजन केले जाते आणि प्रत्येक क्षेत्रावर समोरच्या दोन बाजूंनी, सुमारे ४५ अंशांच्या कोनातून, एक उबदार व एक शीतल छटेचा झोत टाकला जातो. त्यासाठी प्रेक्षागृहाच्या छताखाली दिवे टांगण्याची सोय लागते. सभा, स्नेहसंमेलने आणि लग्ने डोळ्यांपुढे ठेवून बांधलेल्या सभागृहात ती सहसा नसते. मग प्रकाश सरळ डोक्यावरून तरी येतो, नाहीतर पायांकडून. डोक्यावरच्या झोतात भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत पडते. पायांकडच्या झोताने चेहऱ्याची ठेवणच पालटते. ज्या नटाचे डोळे दिसत नाहीत, तो अपरिहार्यपणे मान, हात आणि आवाज यांवर विसंबतो. यावर समीक्षेचा अभिप्राय तयार असतो: अभिनय भडक, जाण अपुरी, रुची ग्रामीण. जो दोष दिव्याच्या कोनाचा, तो नटाच्या संस्कारांवर लादला जातो. तंत्राविषयीचे अज्ञान येथे सौंदर्यविषयक निवाड्याचे रूप घेते.

राज्य नाट्यस्पर्धा १९५४ पासून भरते. नेपथ्य, प्रकाशयोजना आणि रंगभूषा यांना तीत स्वतंत्र पारितोषिके आहेत, ही गोष्ट मोलाची आहे. परंतु निकालपत्रात क्रमांक आणि नाव असते. विशिष्ट प्रकाशयोजनेने त्या प्रयोगाचा अर्थ कसा घडवला, हे नसते. ते सांगणे समीक्षेचे काम होते आणि तिने ते केलेले नाही. नगरच्या हौशी रंगभूमीचा विषय निघाला की मधुकर तोरडमल आणि सदाशिव अमरापूरकर ही नावे यथार्थ अभिमानाने घेतली जातात. त्याच रंगभूमीवरील प्रकाशयोजनाकाराचे वा नेपथ्यकाराचे नाव किती अभ्यासकांना सांगता येईल?

यावर एक प्रतिष्ठित आक्षेप संभवतो. साधनांचा अभाव हीच प्रायोगिकतेची शक्ती नाही काय? ग्रोटोव्स्कीची 'दरिद्री रंगभूमी' दिवे, रंगभूषा आणि भव्य नेपथ्य नाकारूनच उभी राहिली, हे खरे. परंतु तो नकार नटाच्या देह-स्वरांच्या अत्यंत कठोर आणि दीर्घ प्रशिक्षणावर आधारलेला होता. १६ डिसेंबर १९७२ रोजी रंगमंचावर आलेल्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये माणसांची रांग हाच पडदा झाला. तेथे कापडी पडद्याला फाटा मिळाला, पण जब्बार पटेल, भास्कर चंदावरकर आणि कृष्णदेव मुळगुंद यांनी बसवलेल्या हालचाली-लयीची शिस्त त्याच्या जागी आली. तंत्र वगळणे हीदेखील तंत्राचीच एक निवड असते. ज्याच्यापुढे निवडीचा प्रश्नच कधी आला नाही, त्याच्या दारिद्र्याला तत्त्वज्ञान म्हणणे हा शहरी समीक्षेचा दांभिकपणा होय.

परंपरेचा दाखलाही या समीक्षेच्या बाजूने पडत नाही. रससूत्राचा वारंवार आधार घेणारे अभ्यासक नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय नाट्यगृहाच्या मोजमापांना वाहिलेला आहे, हे नजरेआड करतात. त्याच ग्रंथात नाट्यमंडळीची गणना करताना मुकुट घडवणारा, माळा गुंफणारा, अलंकार करणारा, चित्रे रंगवणारा आणि वस्त्रे रंगवणारा यांना स्थान आहे. आहार्य हा तेथे अभिनयाच्या चार प्रकारांपैकी एक आहे. तो अभिनयाच्या बाहेरची सजावट नव्हे. अलीकडचे उदाहरण घ्यावयाचे तर यात्रांच्या हंगामात गावोगाव फिरणारा तमाशाचा फड पाहावा. दर मुक्कामी मोकळ्या मैदानात रंगमंच, कनात, दिवे आणि ध्वनी उभा करणाऱ्या त्याच्या कामगारांपाशी जे ज्ञान आहे, त्याची नोंद अभ्यासकांनी केलीच तर 'लोकजीवन' म्हणून केली. 'रंगतंत्र' म्हणून नव्हे.

श्रीरामपूर हे उसाच्या पट्ट्यातील, साखर कारखानदारीच्या आधाराने वाढलेले गाव. वीजतंत्री, जोडारी, वेल्डर, सुतार, मंडपवाले यांची अशा गावात वाण नसते. हात आहेत, त्या हातांना नाटक वाचता येईल आणि नाटक वाचणाऱ्यांना ते हात कळतील, असा दुवा मात्र नाही. पुणे विद्यापीठात १९८७ साली ललित कला केंद्र सुरू झाले. मुंबई विद्यापीठात २००३ मध्ये नाट्यकला अकादमी आली. पुण्याच्या थिएटर अकॅडमीने १९८५ ते १९९४ या काळात फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने प्रादेशिक नाट्यसंस्थांच्या विकासाचा कार्यक्रम राबवला. तोही अखेर मुदतीचा होता; मुदत संपली, गरज संपली नाही. तालुक्याच्या महाविद्यालयात नाटक आजही मराठीच्या अभ्यासपत्रिकेतील एक वाङ्मयप्रकार आहे. विद्यार्थी शोकात्मिकेची व्याख्या लिहितो. त्याच शोकात्मिकेचा शेवटचा अंधार दहा सेकंदांत व्हावा की तीन, आणि त्याने शेवट कसा बदलतो, हा प्रश्न त्याला कोणी विचारत नाही.

तो प्रश्न मराठीच्या वर्गात विचारला जाणे, ही प्रशिक्षणाची पहिली पायरी आहे आणि तिला कोणतेही अनुदान लागत नाही. मात्र तो विचारण्यासाठी शिक्षकाला दिव्याचा कोन आणि अंधाराची गती यांकडे अर्थाचे घटक म्हणून पाहता आले पाहिजे. ती परिभाषा घडवण्याऐवजी समीक्षा जोवर शेवटच्या परिच्छेदात 'अनुरूप' लिहीत राहील, तोवर तालुक्याच्या रंगभूमीविषयीचे तिचे निवाडे अंधारात दिलेलेच असतील.