स्वस्ताईचे गणित

सरकारी खरेदीत ‘सर्वांत कमी दराची निविदा’ असे म्हटले की सारे वाद मिटतात, असा समज आपल्या शासनव्यवहारात खोल मुरलेला आहे. दक्षिण अमेरिकेतील चिली देशाने १९९७ साली या समजुतीला धक्का दिला. निमित्त होते गरीब घरच्या शाळकरी मुलांच्या जेवणाच्या कंत्राटांचे.

मक्तेदाराला शेजारचे दोन विभाग मिळाले, तर एकच कोठार आणि त्याच मालमोटारी दोहोंना पुरतात. साहजिकच दोहोंचा एकत्र दर तो उतरवून देऊ शकतो. परंतु प्रत्येक विभागाची निविदा सुटी उघडून तीतील किमान रक्कम उचलणाऱ्या पद्धतीला ही काटकसर दिसतच नाही. चिलीने देशाचे शंभराहून अधिक विभाग पाडले आणि कंपन्यांना एका विभागाचा किंवा अनेक विभागांच्या गटाचा दर लखोट्यात घालण्याची मुभा दिली. मग कोणती बोली कोणत्या बोलीशी जुळविली असता एकूण खर्च किमान होईल? जुळण्या इतक्या, की कारकुनांची फौज जन्मभर बसली तरी त्या मोजून व्हावयाच्या नाहीत. चिली विद्यापीठातील तज्ज्ञांनी तो प्रश्न समीकरणांत मांडून संगणकाकडून सोडवून घेतला. सुमारे १३ लक्ष मुलांच्या या योजनेत वर्षाकाठी ४ कोटी डॉलरच्या आसपास बचत झाली; एवढ्या रकमेत आणखी ३ लक्ष मुले वर्षभर जेवू शकतात!

तथापि यंत्र जो किमान खर्च काढते, तो घालून दिलेल्या अटींच्या कुंपणाआतला. एका कंपनीकडे किती विभाग जावेत यास चिलीत मर्यादा होती. प्रसंगी चार पैसे अधिक पडले तरी चालतील, पण मक्तेदारी नको, हा निर्णय गणिताचा नव्हे, माणसांचा होता.

कुंपण कोण घालतो, या प्रश्नाचे मोल महाराष्ट्राने जाणले आहे. अंगणवाड्यांच्या घरपोच आहाराच्या २०१६ सालच्या निविदेतील अटींनी लहान महिला बचत गटांना दारातच अडविले, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ती कंत्राटे रद्द करावी लागली. अशा ठिकाणी उत्तमातील उत्तम यंत्रही निरुपयोगी ठरते, कारण जो लखोटा आलाच नाही त्यातला दर त्याला कोठून कळावा?

आलेल्या बोलींपुरते मात्र गणित एक मोलाची गोष्ट सांगू शकते. कोणतीही एक अट वगळून हिशेब पुन्हा मांडला, की त्या अटीपायी सरकारी तिजोरीला किती भुर्दंड पडला ते रुपयांत उमगते. कंत्राट जाहीर करताना हा आकडा प्रत्येक अटीपुढे छापावा, अशी आमची मागणी आहे. त्यास कोणत्या खात्याची, आणि का, हरकत असावी?